पेपर, दाखला आणि आशाताईच्या सहा भेटी



अमुक शास्त्रज्ञांचे तीनशे शोधनिबंध छापून आले, त्यांना हजारो सायटेशन मिळाली, जगातल्या नामवंतांच्या यादीत त्यांचं नाव लागलं, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. गटाच्या बैठकीत कुणीतरी ती बातमी वाचून दाखवते, सगळ्या कौतुकानं माना डोलावतात, आणि मग एखादी हळूच विचारते, "म्हणजे त्यांनी नक्की केलं काय?" आज त्याच प्रश्नावर बोलू. उदाहरणासाठी लांब जायला नको. आपल्याच राज्यातलं, गडचिरोलीचं घेऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग ही नावं आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेली असतात. त्यांना मिळालेले पुरस्कारही ठाऊक असतात. पण त्यांच्या कामातला एक भाग आपल्यापर्यंत फारसा पोचलेला नाही. तो म्हणजे त्यांनी लिहिलेले पेपर, आणि ते पेपर पुढे कुणी कुणी हातात घेतले ती हकीकत. ती सरळ आपल्या उंबऱ्यापर्यंत येते.

आधी 'पेपर' म्हणजे काय ते बघू. सकाळी एसटीनं येतो तो पेपर वेगळा. संशोधकाचा पेपर म्हणजे शोधनिबंध. चार-सहा, फार तर दहा पानांचा मजकूर. आम्ही कुठला प्रश्न घेतला, तो कसा तपासला, किती माणसं बघितली, काय सापडलं, आणि त्यात कच्चं काय राहिलं, हे सगळं त्यात मांडायचं. असा मजकूर नियतकालिकाकडे पाठवला की ते लोक तो त्याच विषयातल्या दोन-तीन परक्या जाणकारांकडे देतात. ते चुका काढतात, शंका विचारतात, कधी सरळ परत पाठवा म्हणतात. त्यातून टिकला तर छापला जातो. लंडनहून निघणारं 'लॅन्सेट' हे असंच एक नियतकालिक, १८२३ पासून चालू असलेलं. तिथं पेपर छापून येणं डॉक्टरांच्या जगात फार मोठं मानतात.

आता दाखला. तहसीलचा नव्हे. आपण गटात म्हणतो ना, "शेजारच्या गावच्या बायकांनी गांडूळखत असं केलं, त्यांचं बघून आम्ही केलं"? दुसऱ्याचं नाव घेऊन त्याच्या कामाचा आधार सांगणं, हाच दाखला. इंग्रजीत त्यालाच सायटेशन म्हणतात. संशोधकाला हे चुकवता येत नाही. ज्याच्या ज्याच्या कामावर तो उभा आहे, त्या प्रत्येकाचं नाव, साल आणि पेपर त्याला शेवटी लिहावा लागतो. म्हणून एखाद्या पेपरचा दाखला हजार वेळा दिला गेला, याचा अर्थ नंतरच्या हजार पेपरांत त्याचं नाव आलं. कशासाठी आलं, हा मात्र वेगळा प्रश्न. त्याकडे पुढे येऊ.

१९८६ साली बंग पती-पत्नी गडचिरोलीत आले. दोघंही अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले होते. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या काळी सरकारच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे दोनच गोष्टी, बाळंतपण आणि नसबंदी. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत कळा येणं, अंग बाहेर येणं, मूल न राहणं, हे सगळं 'बाईच्या जातीला असायचंच' या खात्यात जमा. आणि जे थोडे आकडे होते ते दवाखान्यात आलेल्या बायकांचे. आता दवाखान्यात येते ती आजारीच असते. तिच्यावरून गावात घरी बसून सोसणाऱ्या किती, ते कसं कळणार? बाजारात आलेल्या भाजीवरून रानात किती सडली ते कळत नाही, तसंच.

म्हणून राणीताई आणि त्यांचे सहकारी दोन गावांत गेले, तक्रार असो वा नसो, लग्न झालेलं असो वा नसो, बायका-मुलींना तपासणीला बोलावलं. ६५० जणी तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला आजार निघाला. एकीला सरासरी साडेतीनहून जास्त आजार. आणि याआधी अशी तपासणी कधी झाली होती अशा बायका शंभरात आठ. हा पेपर जानेवारी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. लेखक सहा, पहिलं नाव राणी बंग यांचं.

थोडं थांबून या ६५० जणींचा विचार करू या. त्यांनी आपलं शरीर तपासायला दिलं, लाज बाजूला ठेवली, नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगितलं. पेपरात त्यांची नावं नाहीत, आणि नसावीतच, कारण अशी माहिती गुप्त ठेवणं हे संशोधकाचं कर्तव्य आहे. पण जगभर फिरला तो ९२ हा आकडा त्यांच्या धीरातून आला. संशोधकाचं मोठेपण मोजताना ही बाजू कुठल्याच गणितात धरत नाहीत.

तो पेपर पुढे कुठं गेला? एक वाट सांगतो. इजिप्त देशात, कैरोजवळच्या गिझा भागातल्या दोन खेड्यांत तिथल्या संशोधकांनी ५०९ बायकांची अशीच तपासणी केली. १९९३ साली त्यांचा पेपर आला. तिथंही निम्म्याहून अधिक बायकांचं अंग खाली उतरलेलं निघालं, आणि बहुतेकींनी ते कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. गिझातल्या बाईला गडचिरोलीतली बाई ठाऊक नाही, भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण मुकाट सोसणं सारखंच. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, कैरोतच जगातल्या देशांची लोकसंख्येवर परिषद भरली. तिथं पहिल्यांदा एवढ्या ठामपणे मांडलं गेलं की नुसती जन्मसंख्या कमी करायची भाषा पुरे, बाईचं प्रजनन-आरोग्य हा विषय मध्ये आला पाहिजे. एका पेपरानं हे घडलं असं म्हणणं चूक होईल. अनेक देशांतल्या बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडण मांडलं होतं. पण भांडणाऱ्याच्या हातात कागद लागतो, आणि गडचिरोलीचा कागद त्यांतला एक होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. नंतर भारतात इतर ठिकाणीही असे अभ्यास झाले. सगळीकडे ९२ टक्के आले नाहीत. कुठं आकडा बराच खाली आला. बायका कशा निवडल्या, आजार कशाला म्हटलं, प्रयोगशाळा कशी होती, यानं आकडा बदलतो. या अभ्यासांचे लेखक गडचिरोलीचा दाखला देतात तो नुसता मान म्हणून नव्हे, तर "त्यांना तेवढं आढळलं, आम्हाला एवढं आढळलं, फरक का पडला ते बघू" असं म्हणत. दाखला म्हणजे दरवेळी शाबासकी नसते. कधी ती फेरतपासणी असते.

दुसरा पेपर १९९० चा, मुलांच्या न्यूमोनियाचा. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला आणि साध्या गोळ्या-औषधानं उपचार करायला शिकवलं. अशी ५८ गावं एका बाजूला, आणि नेहमीच्या सोयींवर असलेली ४४ गावं दुसऱ्या बाजूला. शिकवलेल्या भागात न्यूमोनियानं मरणाऱ्या मुलांचं प्रमाण हजारी ८, तर दुसरीकडे हजारी १७ च्या वर.

त्यात एक अडचण होती. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येईना. दहापर्यंत येई. मग मण्यांचं एक साधन केलं. बाजूला एक मिनिटाची वाळूची घडी, आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. या साधनावरही १९९२ मध्ये वेगळा पेपर लिहिला गेला. आम्हाला विचाराल तर सगळ्या पेपरांत आमचा जीव या मण्यांवर आहे. बाईला मोजता येत नाही म्हणून तिला बाजूला न सारता मोजणंच तिच्या हाताशी आणलं.

न्यूमोनियाच्या पेपरचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण संशोधनाची एक मोठी रीत त्यातून कळते. जगात इतर ठिकाणीही असेच प्रयोग चालले होते. एका ठिकाणचा निकाल योगायोगानंही चांगला येऊ शकतो. एका वर्षी एका शेतात कापूस चांगला आला म्हणून बियाणं चांगलं ठरत नाही, दहा शेतांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. २००३ साली सात देशांतले नऊ अभ्यास असे एकत्र मांडले गेले, त्यात गडचिरोलीही होती. निघालं असं की गावपातळीवर न्यूमोनियाचे उपचार केले तर पाच वर्षांखालच्या मुलांचे एकूण मृत्यू सुमारे २४ टक्क्यांनी घटतात. अशा एकत्र हिशेबाला वजन फार. सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना तेच बघून धोरण ठरवतात. एकट्या पेपरला जे जमत नाही ते नऊ जणांच्या जोडीनं जमतं.

आणि आता तिसरा पेपर. आपल्या घराशी सगळ्यात जवळचा.

न्यूमोनिया आवरल्यावर दिसलं की मरणाऱ्या बाळांत मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या बाळांचा आहे. तेव्हा गडचिरोलीत बहुतेक बाळंतपणं घरीच होत. तज्ज्ञांचं म्हणणं असं की एवढं तान्हं बाळ आजारी पडलं तर त्याला दवाखान्यातच ठेवलं पाहिजे. पुस्तकात ते बरोबर. पण पावसाळ्यात नाला भरलेला, गाडी नाही, पाचवी व्हायच्या आधी बाळ घराबाहेर काढायचं नाही ही रीत, आणि दवाखाना किती कोस लांब. मग उपाय घरात जाणार की नाही?

१९९५ ते १९९८ या तीन वर्षांत ३९ गावांत हा प्रयोग झाला. गावातल्याच बाईला शिकवून तयार केलं. तिनं गरोदर बाईला आधी भेटायचं, बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊबदार ठेवायचं, लगेच अंगावर पाजायला लावायचं, महिनाभर पुन्हा पुन्हा घरी जायचं. आणि बाळाला जंतुदोष झालाय असं लक्षणांवरून दिसलं, आणि आईबाप दवाखान्यात जायला तयार नसले, तर घरीच औषध आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. पाचवी-दहावी शिकलेल्या बाईच्या हातात तान्ह्या बाळासाठी इंजेक्शन! मोठमोठ्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या नसत्या तरच नवल. तुलनेसाठी ४७ गावं होती, तिथं हा उपाय नव्हता, फक्त जन्म-मृत्यूची नोंद होती.

प्रयोगाच्या आधी हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात. तिसऱ्या वर्षी ती २५ वर आली. तुलनेच्या गावांत आकडा साठाच्या आसपासच राहिला. जंतुदोष झालेल्या बाळांत आधी शंभरात सोळा-सतरा दगावत, ती तीनच्या आत आली. काळजी घेतलेल्या १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. डिसेंबर १९९९ मध्ये हा पेपर लॅन्सेटमध्ये आला. लेखक पाच.

त्याचे दाखले बघायला गेलं तर वाट सरळ नाही, आणि तीच ऐकण्यासारखी आहे. शंका घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की गावं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. चिठ्ठ्या टाकल्या की आपल्या सोयीची गावं आपल्या बाजूला घेतल्याचा आरोप उरत नाही. शंका योग्य होती. शिवाय गडचिरोलीत कामाला जीव लावणारी माणसं होती, ती सगळीकडे कुठून आणणार? मग इतरांनी करून बघितलं. बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यात कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, त्यांचा पेपर २००८ मध्ये आला, मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या शिवगडचा आला. तिथं इंजेक्शन नाही, औषध नाही, फक्त बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं, ऊब, दूध, स्वच्छता, आणि घरातल्या सासू-जावांशी पुन्हा पुन्हा बोलणं. घट ५४ टक्के. हा आकडा ऐकून सासूबाईंनी खूश व्हायला हरकत नाही, कारण बाळाला कुठं निजवायचं ते त्यांच्याच शब्दानं ठरतं! पाकिस्तानात सिंधमधल्या हाला भागात सरकारच्याच नेहमीच्या आरोग्य कार्यकर्त्या आणि सुईणी कामाला लावल्या, तिथला पेपर २०११ चा, घट १५ टक्के. हरियाणात सरकारी यंत्रणेतून केलं, २०१२ मध्ये निकाल आला, एकूण घट आणखी कमी, मात्र घरी जन्मलेल्या बाळांत २० टक्के.

म्हणजे ६२, ५४, ३४, २०, १५. उतरते आकडे बघून कुणी म्हणेल, गडचिरोलीचं फुगवलेलं होतं. आम्हाला तसं वाटत नाही. गडचिरोलीत तिसऱ्या वर्षी शंभरातल्या ९३ बाळांपर्यंत कार्यकर्ती खरोखर पोचली होती, आणि तिच्यामागे रोज विचारणा करणारी माणसं होती. सरकारी योजनेत भेटी कागदावर होतात आणि औषध संपलेलं असतं, तेव्हा आकडा खाली येणारच. दिशा मात्र प्रत्येक ठिकाणी एकच निघाली: बाई घरी गेली की बाळं वाचतात. तीन देशांतल्या, एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी ती तपासली, हीच या दाखल्यांची खरी किंमत.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं मिळून पत्रक काढलं की बाळ जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात घरी भेटी द्या. २०११ मध्ये भारत सरकारनं घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. तोच आपल्या आशाताईचा कार्यक्रम. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की तिला अडीचशे रुपये. इंजेक्शन मात्र बहुतेक ठिकाणी तिच्या हातात दिलं गेलं नाही. तिनं धोका ओळखायचा आणि बाळ दवाखान्यात पोचवायचं. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, उठवूनही उठत नाही, नाळेतून पू येतो, यातलं काहीही दिसलं तर सातव्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच घडीला निघायचं.

आशाताई दारात येते तेव्हा ती कुणाचा दाखला देत नाही. काटा काढते, बाळाला झोळीत घालते, वजन लिहून घेते, थर्मामीटर लावते. पण तिच्या फॉर्मवरची एकेक रेघ गडचिरोलीच्या ३९ गावांतून आलेली आहे. या दाखल्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही.

मग याद्या करतं कोण? अमेरिकेत यूजीन गारफील्ड नावाचे गृहस्थ होते. त्यांनी बघितलं की वकिलांकडे एक जुनी सूची असते, कुठल्या खटल्याचा निकाल पुढच्या कुठल्या खटल्यात वापरला गेला त्याची. हेच विज्ञानात का करू नये, असं त्यांच्या मनात आलं, आणि १९६४ पासून त्यांची दाखल्यांची सूची नियमित निघू लागली. हेतू साधा होता, एक पेपर हातात आला की त्याच्या पुढची मंडळी शोधता यावीत. हळूहळू लोक त्यावरून माणसांची लायकी मोजू लागले. २००५ मध्ये हिर्श नावाच्या शास्त्रज्ञानं एक युक्ती काढली, तिला 'एच' निर्देशांक म्हणतात. समजा एकीचे पाच पेपर आहेत, त्यांना दाखले मिळाले ५०, १२, ४, ३ आणि १. किमान तीन-तीन दाखले मिळालेले निदान तीन पेपर आहेत, पण किमान चार-चार मिळालेले चार नाहीत. म्हणून तिचा आकडा ३. आता दुसरीचा पेपर एकच, आणि त्याला दाखले पाच हजार. तिचा आकडा किती? १. हे गणित ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे एकच विहीर, पण साऱ्या गावाला पाणी, ती एक नंबराची, आणि तीन डबकी असली की तीन नंबराची!" त्याहून चांगलं आम्हाला सांगता आलं नसतं.

आकडा मोठा म्हणजे काम मोठं, असंही नाही. जगात सगळ्यात जास्त दाखले मिळालेला पेपर १९५१ चा, लाउरी नावाच्या शास्त्रज्ञाचा, तीन लाखांहून जास्त दाखले. त्यात कुठला मोठा शोध नाही. द्रवात प्रथिनं किती ते मोजायची एक सोयीची रीत आहे. प्रयोगशाळेत ज्यानं ती रीत वापरली त्यानं नाव लिहिलं, झालं. उलटं उदाहरणही आहे. १९९८ साली त्याच लॅन्सेटमध्ये इंग्लंडमधल्या वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरचा पेपर आला, अवघ्या १२ मुलांवरचा, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशी जोडणारा. माहितीत लबाडी निघाली, २०१० मध्ये लॅन्सेटनं तो मागे घेतला. पण दाखले त्यालाही भरपूर, कारण तो खोटा कसा ते सांगायलाही त्याचं नाव घ्यावंच लागतं. आणि मधल्या काळात घाबरलेल्या आयांनी लस टाळली, त्याची भरपाई कशानं होणार? लशीबद्दल मोबाईलवर काहीबाही येतं तेव्हा हे आठवावं.

संख्येचा हव्यास आपल्याकडेही शिरला. २०१० पासून कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या बढतीत पेपरांना गुण मिळू लागले. लगेच पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं उघडली. एका कामाचे चार तुकडे करून चार पेपर करणं, ज्यानं काही केलं नाही त्याचं नाव साहेब म्हणून घालणं, आपापसात दाखल्यांची देवघेव करणं, हे सगळं चालतं. आपल्या जेवणावळीच्या आहेरासारखंच, तू माझा लिही, मी तुझा लिहिते.

उलट जे मराठीत लिहिलं जातं ते या मोजणीत धरतच नाहीत. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल निघाला. गडचिरोलीसह राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून बालमृत्यू मोजले होते आणि सरकारी नोंदीत मृत्यू कसे गळतात ते दाखवलं होतं. राज्यात मोठी चर्चा झाली, सरकारला समिती नेमावी लागली. दाखल्यांच्या इंग्रजी सूचीत त्याचं वजन जवळपास काहीच नाही.

सहलेखकांबद्दल थोडं. १९८९ च्या पेपरवर सहा नावं, १९९९ च्यावर पाच. त्यात डॉक्टर आहेत, तसे आकडेशास्त्र जाणणारेही आहेत, कारण किती गावं घ्यायची आणि फरक खरा की योगायोगाचा, हे तेच सांगू शकतात. आजार ओळखणारी एक, माहिती नीट ठेवणारा एक, हिशेब करणारा एक, असं मिळूनच काम होतं. आपल्या गटात अध्यक्ष, सचिव आणि वही लिहिणारी लागते तसंच. नावांचा क्रमही बघावा. बहुधा ज्याचं काम सर्वांत जास्त त्याचं नाव पहिलं. पण ३९ गावांतल्या ज्या बायका रात्री-अपरात्री कंदील घेऊन बाळंतिणीकडे गेल्या, त्या लेखकांत येत नाहीत. संशोधनाच्या जगाचा हा नियमच तसा आहे. आम्हाला तो अपुरा वाटतो, आणि ते बोलून दाखवायला हरकत नाही.

हे सगळं कळून आपल्याला काय करायचंय, असं विचाराल. करायचंय, कारण पाहणीवाले आपल्याच दारी येतात. कुणी हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतो, कुणी पाळीबद्दल विचारतो, कुणी मुलांची उंची मोजतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची नियमावली आहे, २०१७ ची. तिच्याप्रमाणे हा अभ्यास कशासाठी आहे ते आपल्या भाषेत समजावून सांगावं लागतं आणि संमती घ्यावी लागते. नाही म्हटलं किंवा मध्येच सोडलं तरी आपल्या उपचारात कमी करता येत नाही. आपलं नाव गुप्त ठेवावं लागतं. अभ्यासाला नीतिसमितीची मान्यता लागते, आणि शंका आली तर कुणाशी बोलायचं त्याचं नाव आणि फोन आपल्याजवळच्या कागदावर असावा लागतो. संमतीचा कागद म्हणजे रोजगार हमीचं मस्टर नव्हे, की अंगठा दिला आणि झालं. वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्या, एक प्रत मागून घ्या.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: "ह्यातून काय निघालं ते आम्हाला परत येऊन सांगाल का, आणि कधी?" चांगला संशोधक या प्रश्नावर चिडत नाही. तारीख देतो. ती तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा, त्याच्यापुढे त्याचा फोन नंबर लिहा, आणि तो दिवस उलटला की सचिवबाईंनी फोन लावायचा.